आल्डरच्या पानांवर दरवर्षी परतणारे बुरशीजन्य रोग : कारण कसे शोधावे, उपाय केव्हा करावा

आल्डरच्या पानांविषयीची तक्रार बहुधा एकाच स्वरूपात पुढे येते. वसंतात झाड जोमाने फुटते, काही आठवड्यांत पानांवर फोड येतात किंवा ठिपके पडतात, नाहीतर उन्हाळा सरता सरता पाने पिवळी पडून गळू लागतात. बुरशीनाशकाच्या दोन-तीन फवारण्या होतात, शरदात झाड निष्पर्ण होते, आणि पुढच्या वर्षी त्याच फांद्यांवर तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. मग औषध बदलले जाते, मात्रा वाढवली जाते, तरीही फरक पडत नाही. अशा वेळी औषधाला दोष देण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवली पाहिजेत : रोग नेमका कोणता आहे, आणि झाडावर एकही पान नसताना तो कुठे राहतो. आल्डरच्या पानांवर फोड, तांबेरा, भुरी आणि ठिपके असे चार प्रकारचे रोग नेहमी आढळतात. त्यांचा हिवाळा एकाच ठिकाणी जात नाही, आणि म्हणून एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. दरवर्षी परत येणाऱ्या रोगाचे मूळ बहुतेक वेळा या एका दुर्लक्षित प्रश्नात असते.

आल्डर हे भूर्जाच्या कुळातील झाड असून त्याच्या सुमारे 35 जाती आहेत. युरोपातील काळा आल्डर आणि करडा आल्डर, हृदयाकार पानांचा इटालियन आल्डर, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लाल आल्डर आणि हिमालयात उतीस म्हणून ओळखला जाणारा नेपाळी आल्डर ही सगळी एकाच प्रजातीतील झाडे आहेत. यांतील बहुतेक जाती मूळच्या ओढ्याकाठच्या आणि ओलसर जमिनीतल्या आहेत. त्यांच्या मुळांवरील गाठींमध्ये फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे निकृष्ट जमिनीतही झाड झपाट्याने वाढते. म्हणूनच तलावांच्या काठी, रस्त्यांच्या कडेला, भरावाच्या जागेवर आणि उजाड झालेल्या खाणींमध्ये आल्डर हौसेने लावला जातो. पाण्याची ओढ आणि स्वतःपुरते नत्र मिळवण्याची क्षमता, या दोन्ही गुणांचा रोगांशी थेट संबंध आहे.

बुरशी ठरवण्याआधी काय नाकारावे

आल्डरची पाने शरदात पिवळी किंवा लाल न होता हिरवीच गळतात. नत्राची चणचण नसल्यामुळे हे झाड गळणाऱ्या पानांतून नत्र पुरेपूर परत ओढून घेत नाही. त्यामुळे हंगामाच्या शेवटी जमिनीवर हिरव्या पानांचा सडा पडला म्हणून रोगाची शंका घेण्याचे कारण नाही. पानगळ ऑगस्टमध्ये होत असेल, किंवा गळलेली पाने पिवळी, ठिपकेदार किंवा कडांनी करपलेली असतील, तरच पुढे तपास करावा.

दुसरा मोठा घोटाळा कोळीकिडीमुळे होतो. पानाच्या वरच्या बाजूला मण्यांसारख्या लहान, हिरव्या ते तांबड्या गाठी दाटीने उठल्या असतील, तर ते काम एरिओफाइस लीव्हिस या अतिसूक्ष्म कोळ्याचे आहे. दुसरा एक कोळी पानाच्या खालच्या बाजूस केसांचा गालिचा उगवायला लावतो. हा गालिचा आधी पांढरट असतो आणि जुना झाला की गंजाच्या रंगाचा होतो. दुरून तो हुबेहूब तांबेऱ्यासारखा दिसतो आणि त्यापायी बुरशीनाशकाच्या अनेक फवारण्या व्यर्थ जातात. फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. पान उलटे करून त्यावर पांढरा कागद किंवा स्वच्छ बोट हलकेच घासावे. तांबेरा असेल तर कागदावर पिवळी-नारिंगी भुकटी उमटते. कोळ्याचा गालिचा असेल तर कागद कोराच राहतो, आणि भिंगातून पाहिल्यास गुंतलेले केस स्पष्ट दिसतात. या कोळ्यांपासून झाडाच्या आरोग्याला सहसा धोका नसतो, त्यामुळे तिथे काहीच न करणे हाच योग्य निर्णय ठरतो.

पानाची चाळण झाली असेल आणि फक्त शिरांची जाळी उरली असेल, तर निळसर-काळ्या चकाकत्या भुंगेऱ्यांसाठी किंवा त्यांच्या काळ्या अळ्यांसाठी फांद्या तपासाव्यात. पानांवर काळा, पुसला जाणारा थर असेल तर तो बहुधा मावा किंवा तत्सम रस शोषणाऱ्या किडींच्या चिकट स्रावावर वाढलेली काजळी असते. ती पानात शिरत नाही, आणि कीड कमी झाली की तीही कमी होते. पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत, मधला भाग मात्र निरोगी, असे चित्र असेल तर पाण्याचा ताण आधी लक्षात घ्यावा. फरसबंदीने वेढलेल्या अरुंद चौकोनात लावलेल्या आल्डरला हा त्रास हटकून होतो, कारण ज्या झाडाची मुळे ओल्या जमिनीच्या शोधात पसरायची, त्याला तिथे दगडासारख्या घट्ट मातीत दिवस काढावे लागतात.

यांपेक्षा कितीतरी गंभीर अशी एक शक्यता आहे, आणि ती केवळ पाने पाहून कळत नाही. झाडाची पाने नेहमीपेक्षा लहान, फिकट आणि विरळ असतील, शेंडा वाळत असेल आणि झाडावर लहान लहान शंकूंचा भरमसाठ बहर असेल, तर पाने सोडून खोडाच्या बुंध्याशी बसावे. सालीवर डांबराचे किंवा गंजाच्या रंगाचे ओघळ सुकलेले दिसले, तर फायटॉफ्थोरा या मूळ आणि साल कुजवणाऱ्या रोगाची शंका बळावते. आल्डरवरचा हा रोग 1993 मध्ये दक्षिण ब्रिटनमध्ये प्रथम लक्षात आला आणि नंतर युरोपभर नदीकाठच्या झाडांवर आढळला. तो घडवणारा जीव शास्त्रीय अर्थाने बुरशीही नाही. तो पाण्यातल्या शेवाळांच्या जवळच्या गटात मोडतो आणि पाण्यावाटे, मातीवाटे, रोपांवाटे पसरतो. पानांवर कितीही फवारले तरी त्याला धक्का लागत नाही. असे ओघळ दिसले तर पानांच्या रोगाची चिकित्सा तिथेच थांबवून वृक्षतज्ज्ञाला बोलवावे आणि त्या झाडाखालची माती, अवजारे व बूट दुसऱ्या आल्डरपर्यंत जाऊ देऊ नयेत. मला हा इशारा संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पानांवरच्या बुरशीने मोठा आल्डर क्वचितच मरतो, या रोगाने मात्र मरतो.

पाने फुगली, जाड झाली, आत वळली

वसंतात पाने उमलता उमलता विकृत दिसू लागली, तर टॅफ्रिना या बुरशीचा विचार सर्वांत आधी करावा. काळ्या आल्डरवर तिच्या दोन जाती ठळकपणे आढळतात. टॅफ्रिना टॉस्क्विनेटीमुळे अख्खे पान, कधी कधी अख्खी कोवळी डहाळी बाधित होते : पान नेहमीपेक्षा मोठे, जाड आणि ठिसूळ होते, कडा आत वळतात, आणि काही दिवसांनी पृष्ठभागावर पांढरट साय धरते. टॅफ्रिना सॅडेबेकीमुळे मात्र पानाचा आकार बिघडत नाही. त्यावर साधारण एक सेंटिमीटरपर्यंतचे गोल, फिकट पिवळे डाग पडतात आणि त्यांच्यावरही तशीच साय दिसते. याच प्रजातीतील आणखी एका बुरशीमुळे मादी कणसांच्या खवल्यांतून लांबट, जिभेसारखे, हिरवट ते तांबडे कोंब बाहेर येतात. ते पाहून लोक फार घाबरतात, पण झाडाचे त्याने विशेष बिघडत नाही. करड्या आल्डरवर एकाच जागेतून झाडूसारख्या बारीक काड्यांचा झुबका फुटतो, तोही टॅफ्रिनाच्याच एका जातीमुळे.

ती पांढरट साय भिंगाखाली धरली, तर या बुरशीचे वेगळेपण समजते. इतर अनेक बुरशींप्रमाणे तिला बीजाणू ठेवायला कुपी किंवा डबी नसते. बीजाणूंच्या उभ्या, नळीसारख्या पिशव्या पानाच्या त्वचेवर उघड्याच, गालिच्याच्या लवेसारख्या दाटीने उभ्या राहतात. पिशवी फुटून उडालेले बीजाणू डहाळ्यांच्या सालीवर आणि कळ्यांच्या खवल्यांवर पडतात, तिथे यीस्टसारखे मुकुलन करून वाढतात, आणि पुढच्या वसंतात कळी फुटून कोवळे पान बाहेर डोकावते त्या ओल्या, थंड दिवसांत आत शिरतात. पानाची त्वचा एकदा टणक झाली की या बुरशीचा मार्ग बंद होतो. म्हणजे मे महिन्यात जो फोड दिसतो, त्याची लागण कळी फुटतानाच होऊन गेलेली असते.

हे एकदा ध्यानात आले की दरवर्षीच्या अपयशाचा उलगडा होतो. फोड दिसल्यावर केलेली फवारणी, मग ती कितीही चांगल्या औषधाची असो, लागण होऊन गेल्यानंतर झालेली असते. पाचोळा गोळा करण्याचाही या रोगावर फारसा परिणाम होत नाही, कारण बुरशी पाचोळ्यापेक्षा झाडाच्या अंगावरच जास्त असते. उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी. पहिली, बाधित डहाळ्या साय धरण्याआधी, पान फुगलेले पण अजून हिरवे असतानाच, निरोगी भागापर्यंत छाटून काढणे. झाडूसारखे झुबके असतील तर ते बुडापासून कापावेत, कारण त्यांच्या काड्यांत बुरशी वर्षानुवर्षे टिकते. दुसरी, लहान झाडांवर किंवा रोपवाटिकेत पानगळ पूर्ण झाल्यावर अथवा कळ्या फुगण्याआधी ताम्रयुक्त बुरशीनाशकाची एकच नीट फवारणी, ज्यात सालीच्या खाचा आणि कळ्या पूर्ण भिजतील. मोठ्या झाडावर हेही करू नये असे माझे मत आहे. जूननंतर निघणारी नवी पालवी बहुधा स्वच्छ असते आणि झाड स्वतःच सावरते.

तांबेरा : ऑगस्टमधली पानगळ

जुलैपर्यंत झाड हिरवेगार, ऑगस्टमध्ये पानांच्या वरच्या बाजूला बारीक पिवळे ठिपके, खालच्या बाजूला पिवळ्या-नारिंगी पुटकुळ्या, आणि सप्टेंबर उजाडण्याआधी निम्मे झाड उघडे, हा क्रम मेलॅम्प्सोरिडियम हिरात्सुकानम या तांबेऱ्याचा आहे. ही बुरशी पूर्व आशियातून माहीत झाली. युरोपात 1990च्या दशकाच्या मध्यापासून ती मोठ्या प्रमाणावर पसरली आणि करड्या आल्डरवर तिने विशेष जोर धरला. काळ्या आल्डरवरही ती येते, पण त्याची हानी सहसा कमी होते. एकाच बागेत दोन जाती शेजारी शेजारी असतील, तर करडा पिवळा पडलेला आणि काळा हिरवा उभा, असा फरक रस्त्यावरूनही दिसतो. शेजारच्या भूर्जावरही तांबेरा असेल तर लगेच त्याला कारण ठरवू नये; भूर्जावर बहुधा याच प्रजातीतील वेगळी जाती असते.

या बुरशीचा संसार दोन झाडांवर चालतो. उन्हाळ्यात आल्डरच्या पानांवर नारिंगी बीजाणूंच्या पिढ्यांमागून पिढ्या तयार होतात, वाऱ्याने पसरतात आणि पुन्हा आल्डरलाच लागण करतात. त्यामुळे ओला उन्हाळा असेल तर रोग काही आठवड्यांत भडकतो. शरदात त्याच पानांवर, त्वचेखाली, तपकिरी रंगाचे हिवाळी बीजाणू बनतात. ते गळलेल्या पानांत हिवाळा काढतात, आणि वसंतात त्यांच्यापासून निघालेले बीजाणू लार्च या सूचिपर्णी झाडाच्या कोवळ्या सुयांवर उतरतात. लार्चवर फिकट डाग आणि लहान पिवळ्या पुटकुळ्या येतात, आणि तिथून बुरशी पुन्हा आल्डरकडे परतते.

हे चक्र वाचले की लार्च तोडून टाकावा, हा विचार लगेच मनात येतो. तो मोह टाळावा. नारिंगी बीजाणू वाऱ्यावर दूरवर प्रवास करतात, आणि दूरच्या लार्चवर सुरू झालेला रोग आल्डरवरून आल्डरवर उड्या घेत पोहोचू शकतो. नवी लागवड करताना मात्र आल्डर आणि लार्च एकाच पट्ट्यात लावू नयेत. असलेल्या झाडांखालचा पाचोळा पानगळ संपताच उचलला, तर जवळपासच्या लार्चला होणारी पहिली लागण कमी होते. जिथे लार्च आसपास नाही तिथे या कामाचा लाभ थोडाच होतो, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

उन्हाळ्याच्या अखेरीस पाने गेली तरी प्रौढ झाडाचे त्या वर्षीचे बरेचसे काम उरकलेले असते, त्यामुळे एखाद्या वर्षीच्या तांबेऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पानगळ सलग काही वर्षे जुलैतच होऊ लागली, डहाळ्यांची वार्षिक वाढ आखूड होत गेली, आणि शेंड्याकडच्या काड्या वाळू लागल्या, तर साठवलेली पिष्टद्रव्ये आटत आहेत असे समजावे. तेव्हाही पहिला उपाय पाण्याचाच : कोरड्या दिवसांत आळे भरून खोल पाणी द्यावे, बुंध्यापासून हातभर सोडून आच्छादन करावे आणि जमीन वाफशावर ठेवावी. अशा झाडाला त्याच वर्षी जड छाटणीचा दुसरा ताण देऊ नये.

भुरी

भुरी ओळखायला सोपी आणि बहुधा सर्वांत कमी नुकसानीची असते. पांढरी भुकटी पानाच्या वरच्या बाजूला असेल तर एरिसिफी प्रजातीतील बुरशी, आणि खालच्या बाजूला विरळ पांढरा पापुद्रा असेल तर फायलॅक्टिनिया, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. शरदात पान उलटे करून भिंगातून पाहिले, तर त्या पापुद्र्यावर पिवळे, मग काळे होत जाणारे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे बुरशीच्या हिवाळी डब्या, आणि फायलॅक्टिनियाच्या डबीभोवती बुडाशी फुगीर असलेल्या सुयांचे सरळ कडे असते. ते एकदा पाहिले की विसरता येत नाही.

भुरीला पान भिजण्याची गरज नसते. कोरडे, उबदार दिवस, दमट रात्री, सावली आणि कोंदट हवा तिला पुरते. झाडाला नत्रखत घालणे ही इथली नेहमीची चूक आहे. आल्डर स्वतःचे नत्र स्वतः मिळवतो. वरून भरपूर नत्र मिळाले की मुळांवरच्या गाठींचे काम मंदावते आणि लुसलुशीत, मऊ पालवी निघते, जी भुरीला आयतीच मिळते. खत थांबवणे, आतल्या दाट फांद्या विरळ करणे आणि पाचोळा उचलणे एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागते. रोपवाटिकेत गंधकाची फवारणी चालते, परंतु तापमान 32 अंश सेल्सिअसच्या वर असताना ती करू नये, अन्यथा पाने करपतात. तसेच तेलयुक्त फवारणीनंतर किमान दोन आठवडे गंधक टाळावे.

ठिपके, आणि पाण्याची चुकीची वेळ

तपकिरी, कोनाकार किंवा गोल ठिपके पाडणाऱ्या बुरशी बऱ्याच आहेत : सेप्टोरिया, पॅसॅलोरा, ॲस्टेरोमा आणि त्यांच्या जवळच्या इतर. नुसत्या डोळ्यांनी त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, आणि बागेतल्या निर्णयासाठी तसे करण्याची निकडही नसते. ठिपका जिवंत बुरशीचा आहे की जुन्या जखमेचा, एवढे मात्र पाहावे. त्यासाठी ठिपकेदार पान झाकणाच्या डब्यात ओल्या कागदावर ठेवून एक-दोन दिवस खोलीच्या तापमानाला राहू द्यावे. सेप्टोरियासारखी बुरशी असेल तर ठिपक्यात टाचणीच्या अग्राएवढे काळे बिंदू दिसू लागतात आणि त्यांतून फिकट रंगाची, केसासारखी बारीक वळवळलेली धार बाहेर येते. ही धार म्हणजे चिकट द्रवात गुंफलेले असंख्य बीजाणू. पावसाचा एक थेंब त्यावर पडला की ते उडून वरच्या, शेजारच्या पानांवर जातात. यावरून रोग पसरण्याची रीतही समजते : हा रोग उडणाऱ्या थेंबाचा आहे, आणि म्हणून तो खालून वर चढतो.

मी ज्या तक्रारी जवळून पाहिल्या, त्यांत एका तळ्याकाठच्या रांगेचे उदाहरण इथे नेमके लागू पडते. पाच झाडांपैकी तिघांच्या पानांवर दाट ठिपके होते, पण फक्त एका बाजूला आणि फक्त माणसाच्या उंचीपर्यंत. त्यावरची पाने निष्कलंक होती. रोगी आणि निरोगी पानांमधली रेषा इतकी सरळ होती की ती कोणी आखली असावी असे वाटे. शेजारच्या हिरवळीचे तुषार सिंचन रोज रात्री सुरू होत असे आणि त्याची धार बरोबर त्या उंचीपर्यंत पानांवर आपटत असे, आणि पाने सकाळपर्यंत ओली राहत. तोटीचा कोन बदलला, वेळ पहाटेनंतरची ठेवली आणि खालच्या फांद्या थोड्या उचलल्या. पुढच्या वसंतात आलेली पाने स्वच्छ राहिली. त्याआधीच्या दोन हंगामांत तिथे बुरशीनाशकाच्या बऱ्याच फवारण्या झाल्या होत्या. म्हणून ठिपके दिसले की ते झाडावर कुठे आहेत याचा आधी नकाशा मनात काढावा. सर्वत्र सारखे असतील तर कारण हवामानात आहे. एका बाजूला, एका उंचीला किंवा एका कोपऱ्यात असतील तर कारण माणसाने निर्माण केलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

ठिपक्यांच्या बुरशी मुख्यतः गळलेल्या पानांत हिवाळा काढतात, म्हणून पाचोळा उचलण्याचे फळ इथे सर्वांत जास्त मिळते. पाने गोळा करून नीट तापणाऱ्या खताच्या ढिगात घालावीत; ढीग आतून 55 अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिला आणि वरखाली केला, तर बुरशीचा निभाव लागत नाही. कोपऱ्यात रचलेला थंड ढीग पुरेसा नाही. पाने उचलणे शक्य नसेल तिथे गवत कापण्याच्या यंत्राने ती बारीक करावीत, म्हणजे ती लवकर कुजतात. हे काम कळ्या फुटण्याआधी पूर्ण झाले पाहिजे. एप्रिलमध्ये उचललेल्या पाचोळ्यातून बीजाणू आधीच निघून गेलेले असतात.

लाल आल्डरच्या रोपांबाबत एक वेगळी खबरदारी आहे. तिथे सेप्टोरिया आल्निफोलिया पानांवर न थांबता कोवळ्या खोडावरही चट्टे पाडते, आणि चट्ट्याजवळ रोप कमकुवत होऊन शेंडा मोडू शकतो. अशा रोपवाटिकेत पानांवरचे ठिपके किरकोळ समजून सोडून देणे चूक ठरेल. खोडावर खोलगट, काळसर डाग असलेली रोपे लागवडीला देऊ नयेत, आणि वाफ्यांत रोपांची दाटी कमी करून वारा खेळता ठेवावा.

फवारणीचा निर्णय

फवारणी कोणत्या स्थितीत करावी, यावर माझे मत ठाम आहे. रोपवाटिकेतील रोपे, लावून दोन-तीन वर्षे झालेली लहान झाडे आणि सलग काही हंगाम लवकर पानगळ झालेली झाडे, एवढ्यांपुरतीच ती मर्यादित ठेवावी. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पानांच्या दोन्ही बाजू भिजतील अशी फवारणी रस्त्याच्या कडेला जवळजवळ अशक्य असते. अर्धे औषध वाऱ्यावर, गाड्यांवर आणि जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांवर पडते. त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. आल्डर बहुधा पाण्याकाठीच असतो, आणि ताम्रयुक्त औषधे मासे, शेवाळ आणि पाण्यातील लहान जीवांसाठी अत्यंत घातक आहेत. पानावरच्या काही डागांसाठी तळ्यातले जीवन पणाला लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

फवारणी करायचीच असेल, तर रोगाप्रमाणे वेळ निवडावी : टॅफ्रिनासाठी कळ्या मिटलेल्या असताना, ठिपक्यांसाठी पाने उलगडताना आणि पावसाळी दिवस सुरू होण्याआधी, भुरीसाठी पहिली भुकटी दिसताच, आणि रोपवाटिकेतल्या तांबेऱ्यासाठी पहिली पुटकुळी दिसताच पानांच्या खालच्या बाजूवर. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषले जाणारे औषध वापरत असल्यास एकाच गटातील औषध पुन्हा पुन्हा वापरू नये, कारण बुरशी त्याला सरावते. वेष्टनावर शोभेच्या झाडांसाठी परवानगी दिलेली आहे का, आणि पाण्यापासून किती अंतर राखायचे, हे वाचल्याशिवाय पंप हातात घेऊ नये.

जागा आणि जाती

जिथे एकच झाड दरवर्षी आजारी पडते आणि शेजारची निरोगी राहतात, तिथे झाडाची जात आणि जागा यांचा मेळ तपासावा. कोरड्या, तापणाऱ्या रस्त्याच्या कडेला काळा किंवा करडा आल्डर सतत ताणाखाली राहतो. इटालियन आल्डर तिथे जास्त टिकून राहतो, आणि शहरी लागवडीसाठी वापरला जाणारा स्पाथचा संकरित आल्डरही चांगला पर्याय आहे. तांबेऱ्याचा जोर असलेल्या भागात नव्या लागवडीसाठी करडा आल्डर निवडू नये. एकाच जातीची लांब रांग लावण्याऐवजी दोन-तीन वेगवेगळ्या प्रजातींची झाडे आलटून पालटून लावली, तर बीजाणूंना एका झाडावरून दुसऱ्यावर सहज जाता येत नाही. रोपे आणताना केवळ पाने न पाहता मुळे आणि बुंध्याची साल पाहावी, कारण फायटॉफ्थोरा अनेकदा रोपांबरोबरच येतो.

पुढच्या हंगामात पडताळणी

उपाय लागू पडला की नाही हे ठरवण्यासाठी आठवणीवर विसंबू नये. त्याच झाडाच्या त्याच चार फांद्यांवर, एक उत्तरेची, एक दक्षिणेची, एक खालची आणि एक हाताला लागेल तितकी वरची, धागा बांधावा आणि पाने उमलताना, जूनच्या अखेरीस, ऑगस्टच्या मध्याला व पानगळीच्या वेळी पानांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत. प्रत्येक वेळी वीस पाने मोजून त्यांतील किती बाधित आहेत तेवढे लिहावे, आणि पावसाचे व पाणी दिल्याचे दिवसही नोंदवावेत. फोडांचे प्रमाण उमलत्या पानांवर घटले पण ऑगस्टची पानगळ तशीच राहिली, तर झाडावर दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांतला एकच आटोक्यात आला आहे, हे त्या नोंदींतून लगेच कळते. मग तांबेऱ्याचा तपास कागद घासण्यापासून नव्याने सुरू करावा.